वाळवण आणि साठवण : नंदुरबार जिल्ह्यातील मिरची, आमचूर व मोहफुले

दसरा उलटला की नंदुरबार शहराच्या सभोवतालची मोकळी माळराने तांबड्या रंगाने भरून जातात. बाजार समितीत लिलाव झालेली ओली लाल मिरची गाड्यांतून येथे येते, पथारींवर पसरली जाते आणि पुढे कित्येक आठवडे स्त्रीपुरुष मजूर तिची उलथापालथ करीत असतात. या पथारी म्हणजे जिल्ह्याच्या व्यापाराचे एक मोठे उघडे कोठारच होय. इकडे सातपुड्याच्या कुशीत अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील पाड्यांवर चैत्र-वैशाखात दुसरे वाळवण चालू असते. खडकांवर आणि अंगणांत कैरीच्या फोडी व मोहाची फुले सुकत पडलेली असतात.

हा तिन्ही प्रकारचा माल शेतकऱ्याच्या अगर वन-संग्राहकाच्या हाती येतो तेव्हा उत्तम असतो. परंतु तो बाजारात पोहोचेपर्यंत, किंवा घरात पुढच्या हंगामापर्यंत राहीपर्यंत, त्याचा रंग उतरतो, वास जातो, त्यास बुरशी अथवा कीड लागते. माल खराब होईल या धास्तीने तो हंगामाच्या ऐन भरात, म्हणजे भाव सर्वांत कमी असतानाच, विकून टाकावा लागतो. यास्तव साठवणीचे ज्ञान म्हणजे केवळ माल टिकविण्याचे ज्ञान नव्हे. केव्हा विकावयाचे हे स्वतः ठरविण्याचे सामर्थ्य त्यातून येते.

माल बिघडतो तो कशाने?

सुक्या मालाचे पाच शत्रू आहेत : ओलावा, उष्णता, उजेड, हवा आणि कीड. यांपैकी ओलावा हा सर्वांचा म्होरक्या होय.

माल कितीही वाळविला तरी त्यात थोडे पाणी राहतेच, आणि ते भोवतालच्या हवेतील दमटपणाशी सतत देवघेव करीत असते. हवा कोरडी असेल तर माल सुकतो. हवा दमट असेल तर वाळलेला मालही पाणी ओढून घेतो. मालाच्या भोवतीच्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्क्यांच्या वर गेली की बुरशीची वाढ होऊ लागते. म्हणूनच उन्हाळ्यात उघड्या टोपलीत खडखडीत राहिलेली मिरची आषाढात त्याच टोपलीत मऊ पडते.

उष्णतेचे कार्य निराळे आहे. रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंश सेल्सियस वाढीबरोबर साधारणपणे दुप्पट होतो, असा स्थूल नियम आहे. पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर ठेवलेली मिरची आणि जाड मातीच्या भिंतींच्या थंड खोलीत ठेवलेली मिरची यांच्या रंगात सहा महिन्यांनी जो फरक दिसतो, त्याचे कारण हेच. उजेड व हवेतील प्राणवायू मिळून मिरचीची रंगद्रव्ये फिकी पाडतात. तिखटपणा देणारे कॅप्सेसीन हे द्रव्य तुलनेने चिवट असते. त्यामुळे जुनी मिरची तिखट लागते, पण कालवणाला रंग देत नाही.

लाल मिरची

साठवणीचा आरंभ कोठारात होत नाही, तो तोडणीत होतो. झाडावरच थोडी सुरकुतलेली, पूर्ण लाल मिरची तोडावी. अर्धवट लाल फळे वेगळी काढून सावलीत दोन-तीन दिवस ढीग करून ठेवावी, म्हणजे त्यांचा रंग सारखा होतो. ती तशीच उन्हात टाकली तर हिरवटपणाच्या जागी पांढरे डाग राहतात आणि बाजारात ती फटकी म्हणून वेगळी काढली जाते. रोगट, किडलेली व फुटलेली फळे याच वेळी निवडून टाकावी. एक कुजलेले फळ ढिगात राहिले तर त्याचा ओलावा व बुरशी शेजारच्या फळांस लागते.

वाळविण्यासाठी उघडी जमीन वापरू नये. सिमेंटचा ओटा, स्वच्छ ताडपत्री किंवा जमिनीपासून उंच बांधलेली जाळी यांपैकी जे साधेल ते घ्यावे. मातीवर वाळलेल्या मिरचीस धूळ चिकटते, आणि जमिनीतील बुरशीची बीजे नेमकी त्या धुळीतून येतात. थर पातळ ठेवावा, दिवसातून तीन-चार वेळा उलथावा, आणि सूर्यास्तापूर्वी ढीग करून झाकावा. रात्रीचे दव दिवसभराची मेहनत अंशतः वाया घालविते. ऊन चांगले असल्यास १० ते १५ दिवसांत मिरची वाळते.

अवकाळी पावसाचे संकट मात्र या जिल्ह्यास वारंवार सोसावे लागते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस उत्तर महाराष्ट्रात ऐन सुगीत पाऊस व गारपीट झाली, त्यावरून हे पुन्हा दिसून आले. आकाश भरून येताच मिरची झाकता येईल एवढी ताडपत्री पथारीजवळ घडी करून तयार असावी. पावसात सापडलेली मिरची ढीग करून झाकून ठेवणे सर्वांत घातक, कारण ओल्या ढिगात ऊब निर्माण होते. ती ताबडतोब पातळ पसरून वारा द्यावा आणि भिजलेला माल कोरड्या मालात कदापि मिसळू नये.

वजनाचा मोह

मिरचीतील ओलावा ११ टक्क्यांहून अधिक नसावा, असे भारतीय अन्न-मानकांत ठरविले आहे. येथे एक हिशेब समजून घेणे जरूर आहे. एक क्विंटल ओल्या मिरचीत ७० टक्के पाणी धरल्यास घन पदार्थ ३० किलो उरतो. ती ११ टक्के ओलाव्यापर्यंत वाळविली तर वजन सुमारे ३३.७ किलो भरते, आणि १६ टक्क्यांवरच थांबविले तर सुमारे ३५.७ किलो भरते. म्हणजे ओलसर माल विकणाऱ्यास क्विंटलमागे दोन किलो जास्त वजन मिळते. हेच दोन किलो पुढे सारे पोते खराब करतात.

त्याचप्रमाणे पोती भरताना मिरची तुटू नये, किंवा वजन भरावे, म्हणून तिच्यावर पाणी शिंपडण्याची चाल काही ठिकाणी आढळते. ही चाल सर्वस्वी सोडून द्यावी. पोत्याच्या गाभ्यात गेलेले पाणी बाहेर पडण्यास वाट नसते, आणि बुरशी लागते ती तेथेच, डोळ्यांआड.

ही केवळ रंगाची किंवा भावाची गोष्ट नाही. काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. आपल्या भागापासून फार दूर नसलेल्या गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत १९७४ साली अवेळी पावसात भिजलेला व तसाच साठविलेला मका खाऊन आदिवासी कुटुंबांत कावीळ पसरली. शंभराहून अधिक माणसे दगावली. तोच मका खाणारी घरची कुत्रीही मेली. हे विष यकृतावर घाला घालते, आणि रांधल्याने अगर दळल्याने नष्ट होत नाही. बुरशी झटकून टाकलेली मिरची दिसावयास स्वच्छ असली तरी निर्दोष असेलच असे नाही. युरोपीय संघाने मिरचीसारख्या मसाल्यांत या विषाची एकूण मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम ठरविली आहे. परदेशी जाणारा माल याच कसोटीवर परत येतो. ज्या मिरचीस बुरशीचा वास येतो ती पूड करून खपविणे हा व्यवहार नव्हे, अपराध होय.

माल पुरता वाळला हे कसे ओळखावे?

वाळलेली मिरची कानाजवळ हलविली असता आतील बी खुळखुळते आणि मुठीत दाबली असता साल कडकडते. ही जुनी परीक्षा उपयुक्त आहे. तथापि जाड सालीच्या जातींत ती फसवू शकते, कारण साल वरून कडक होते आणि देठाजवळचा भाग मऊच राहतो. म्हणून देठाजवळ दाबून पाहावे.

यापेक्षा खात्रीची परीक्षा घरच्या मिठाने करता येते. रुंद तोंडाची कोरडी काचेची बरणी घ्यावी. तव्यावर भाजून थंड केलेले दोन चमचे मीठ तिच्यात घालावे. बरणी निम्मी भरेल इतका माल टाकून झाकण घट्ट लावावे, हलवावी आणि सावलीत काही तास ठेवावी. नंतर पुन्हा हलवून पाहावे. मीठ मोकळे राहिले तर बरणीतील हवा पुरेशी कोरडी आहे. मीठ काचेस चिकटले किंवा त्याचे खडे झाले तर माल ओला आहे असे समजावे. मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत पाणी ओढू लागते, हे या परीक्षेमागील तत्त्व होय. बुरशीची मर्यादा त्याहून थोडी खाली असल्यामुळे मीठ मोकळे राहिल्यानंतरही मालास आणखी एक दिवस ऊन द्यावे. मिरची, मका, आमचूर, मोहफूल या सर्वांस ही परीक्षा लागू पडते.

पोते आणि कोठार

उन्हातून काढलेली गरम मिरची लगेच पोत्यात भरू नये. सावलीत निवू द्यावी आणि दव पडण्यापूर्वी भरावी. गरम माल बंद केला तर रात्री पोत्याच्या आतल्या बाजूस पाण्याचे बारीक थेंब धरतात.

दीर्घ साठवणीसाठी देठासह अखंड मिरची ठेवणे चांगले. देठ हे फळाचे झाकण आहे. ते खुडले की ओलावा व कीड आत शिरण्यास वाट मिळते आणि बी सांडते. देठ खुडणी विक्रीच्या सुमारास करावी. दोन-तीन महिन्यांची साठवण असेल तर स्वच्छ, कोरडे तागाचे पोते पुरे होते. पावसाळा ओलांडावयाचा असेल तर आत जाड प्लॅस्टिकची पिशवी असलेले पोते किंवा हवाबंद पिशवी घ्यावी. परंतु एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी : हवाबंद पिशवी बाहेरचा ओलावा आत येऊ देत नाही, तसाच आतला बाहेरही जाऊ देत नाही. अर्धवट वाळलेल्या मालास तागाचे पोते एक वेळ क्षमा करील, प्लॅस्टिक करणार नाही.

पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर वीतभर उंच ठेवावी आणि भिंतीपासून हात-दीड हात दूर रचावी, म्हणजे भिंतीची ओल लागत नाही व भोवती झाडता येते. कोठारात रॉकेल, खते, कीटकनाशके ठेवू नयेत. औषधांची रिकामी पोती धुऊनही वापरू नयेत. तंबाखूवरील बारीक तपकिरी भुंगेरा मिरचीतही शिरतो. पोत्याखाली बारीक पूड आणि फळास टाचणीएवढी छिद्रे दिसली तर तो आला असे समजावे. नवा माल येण्यापूर्वी कोठार झाडून फटी लिंपाव्या आणि जुन्या मालाचा अवशेष ठेवू नये, कारण बहुधा कीड जुन्या पोत्यातून नव्यात जाते. साठविलेल्या मिरचीवर कीटकनाशकाची पूड टाकणे मात्र पूर्णपणे वर्ज्य आहे.

शीतगृहाची सोय मिळाल्यास मिरचीचा रंग कित्येक महिने टिकतो. तेथून माल काढल्यावर पोती तत्काळ उघडू नयेत. थंड मिरचीवर बाहेरच्या हवेतील ओलावा धरतो. माल बाहेरच्या तापमानास आल्यावरच पोते सोडावे.

बियाण्याची मिरची वेगळी ठेवावी. साध्या पिशवीत ठेवावयाच्या बियाण्यात ८ टक्क्यांहून आणि हवाबंद डब्यातील बियाण्यात ६ टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा. बियाण्यातील ओलावा एका टक्क्याने उतरला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बीजशास्त्राचा ठोकताळा आहे. भोपळ्याच्या तुंब्यात कोरड्या राखेसह बी ठेवण्याची पाड्यांवरील रीत या तत्त्वास धरूनच आहे.

आमचूर

कैरीच्या फोडी काळ्या पडतात त्या दोन कारणांनी. कापलेल्या फोडीतील द्रव्ये हवेशी संयोग पावून तपकिरी होतात, आणि लोखंडी विळ्याचा अंश लागल्यास हा काळेपणा अधिकच गडद होतो. म्हणून न गंजणाऱ्या पोलादाची सुरी वापरावी, कैऱ्या धुऊन सोलाव्या, फोडी एकसारख्या पातळ कराव्या आणि कापताच मिठाच्या सौम्य पाण्यात टाकाव्या. नंतर निथळून स्वच्छ कापडावर किंवा जाळीवर वाळवाव्या. वाऱ्याने पडून फुटलेल्या कैऱ्या त्याच दिवशी वापराव्या. त्यांचा आमचूर वेगळा ठेवावा.

आमचूर आंबट असल्याने त्यास बुरशी उशिरा लागते. परंतु हवेतील पाणी तो फार लवकर ओढतो. फोड वाकविली असता ती मोडली पाहिजे. चिवटपणे वाकली तर आणखी वाळवावी. आमचूर कधीही लोखंडी डब्यात ठेवू नये. प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत भरून, हवा दाबून काढून, तोंड पिळून बांधावे आणि ती पिशवी पोत्यात अगर पेटीत ठेवावी. एका मोठ्या पोत्यापेक्षा पाच-पाच किलोच्या पिशव्या बऱ्या, कारण एक उघडली तरी बाकीच्या कोरड्या राहतात. आमचुराची पूड साठवू नये. फोडी साठवाव्या आणि गरजेपुरतेच दळावे. दळल्याने हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो.

मोलगी अगर धडगावच्या बाजारात वैशाखाच्या अखेरीस आमचुराची एकदम गर्दी होते. पाऊस तोंडावर आलेला असतो, घर गळके असते, आणि पेरणीसाठी पैसा हवा असतो. अशा वेळी सर्व माल रोखून धरण्याचा उपदेश व्यर्थ होय. परंतु निवडक, पांढऱ्या फोडींचा चौथा हिस्सा जरी नीट बांधून ठेवला, तरी पावसाळ्यानंतर तो विकण्याची संधी हाती राहते. बचत गटाने एका कोरड्या घरात सर्वांचा माल नाव लिहून एकत्र ठेवल्यास हे अधिक सुलभ होईल.

मोहफुले

मोहाचे फूल पहाटे गळते. ते जमिनीवर जितका वेळ पडून राहील तितकी माती व कीड लागते, म्हणून झाडाखाली जुनी साडी अथवा जाळी अंथरून फुले वेचावी. पाचोळा जाळण्याची रीत सोडल्यास जंगलाचेही रक्षण होते. ताज्या फुलात पाणी पुष्कळ आणि साखरही पुष्कळ, त्यामुळे ढीग करताच ते आंबू लागते. वेचल्या दिवशीच पातळ पसरावे आणि चोळले असता पुंकेसर सहज सुटतील इतके वाळवावे.

वाळलेल्या फुलातील साखर दमट हवेत पुन्हा पाझरते. मग फुले चिकटतात, काळी पडतात आणि त्यांत अळ्या होतात. शेणामातीने लिंपलेल्या कणगीत मोहफुले ठेवण्याची चाल चांगली आहे. मात्र ती चुलीच्या धुराच्या वाटेवर न ठेवता कोरड्या कोपऱ्यात, फळीवर ठेवावी आणि तोंड लिंपून बंद करावे. खाण्यासाठीची फुले हवाबंद पिशवीत भरावी. श्रावणात ऊन पडलेला एखादा कोरडा दिवस साधून माल तपासावा, पण ढगाळ दिवशी कणगी उघडू नये.

घरातील चहा

वरील सर्व नियम घरातील चहाच्या डब्यासही लागू पडतात, हे गृहिणींच्या ध्यानी आल्यावाचून राहणार नाही. बारीक भुकटीचा चहा मोठ्या पानाच्या चहापेक्षा लवकर वास गमावतो, कारण त्याचा पृष्ठभाग अधिक. हिरवा चहा काळ्या चहाहून नाजूक. त्यास उजेड व उष्णता अधिक बाधते, म्हणून तो थोडाच आणावा. चहाचा एक विशेष अवगुण असा की, तो शेजारच्या वस्तूचा वास ओढतो. पाड्यावरील दुकानात मिरचीच्या पोत्याशेजारी किंवा रॉकेलच्या डब्याजवळ ठेवलेला उघडा चहा दोन दिवसांत त्याची साक्ष देतो. घट्ट झाकणाचा, अपारदर्शक, कोरडा डबा आणि कोरडा चमचा एवढे पुरेसे आहे. परसातील गवती चहाची पाने मात्र उन्हात न वाळविता सावलीत वाळवावी, कारण त्यांचा सुवास उडून जाणाऱ्या तेलात असतो.

सारांश

१. माल स्वच्छ जागी, पातळ थरात वाळवावा. रात्री व पावसात झाकावा.
२. मिठाची परीक्षा केल्याशिवाय माल बंद करू नये.
३. निवलेला मालच भरावा. भिजलेला माल वेगळा ठेवावा.
४. मिरची देठासह, आमचूर फोडींच्या रूपात व मोहफूल अखंड साठवावे.
५. पोती फळीवर, भिंतीपासून दूर, अंधाऱ्या व थंड खोलीत ठेवावी.
६. दर पंधरा दिवसांनी वास, रंग व कीड यांची तपासणी करावी.
७. बुरशी लागलेला माल माणसांस वा जनावरांस खाऊ घालू नये.

अधिक माहितीसाठी गावच्या कृषी कर्मचाऱ्याशी अथवा कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. वखारीत माल ठेवून पावतीवर कर्ज मिळण्याची सोयही आहे. आपला माल त्यास पात्र आहे किंवा कसे, याची चौकशी हंगामापूर्वीच करून ठेवावी. पथारीवरील मजुराने व पाड्यावरील मातेने उन्हात घालविलेले दिवस पावसाळ्यातील एका ओल्या रात्रीत वाया जाऊ नयेत, यासाठी फार खर्चाची जरूर नाही. एक ताडपत्री, चार फळ्या, एक काचेची बरणी आणि मूठभर मीठ एवढ्याने आरंभ होऊ शकतो.